वेदना शून्य

ईश्वरीच्या डाव्या टाचेच्या वर दुखायला लागलं तेव्हा भारतीय संघाच्या निवड चाचणीला पाच आठवडे उरले होते. २०३४ साल होतं. आशियाई स्पर्धेत खो-खो पहिल्यांदाच पदकाचा खेळ म्हणून आला होता आणि संभाव्य खेळाडूंच्या यादीत मिरजेच्या एकाच मुलीचं नाव होतं, ईश्वरी शेडबाळे. ती माझी मुलगी. मी तिची आई, आणि ती सात वर्षांची असल्यापासून तिची प्रशिक्षकही. मी, उज्ज्वला शेडबाळे, मिरजेतल्या एका शाळेत सव्वीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सुनावणीत एका कंपनीच्या वकिलाने हेच माझ्या तोंडावर फेकलं, आणि त्यात त्याचं काही खोटं नव्हतं.

सकाळी उठल्यावर ती पहिली दहा-वीस पावलं लंगडायची. मग पाय मोकळा व्हायचा आणि सरावात दुखणं लपून जायचं. एके दिवशी खांबाला वळसा घेताना ती मध्येच थांबली आणि वाकून टाच धरली. ईश्वरी खेळताना थांबत नाही. त्याच दुपारी मी तिला डॉ. शबाना मुल्ला यांच्याकडे घेऊन गेले. हाडांच्या डॉक्टर, आमच्या शाळेच्या निम्म्या मुलांची हाडं त्यांनीच जोडलेली.

त्यांनी सोनोग्राफी केली आणि पडदा आमच्याकडे वळवला. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी एक जाड दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. ईश्वरीच्या कंडरेच्या मधोमध काळपट डाग दिसत होता.

"इथले धागे सुटायला लागलेत," डॉक्टर म्हणाल्या. "तुटलेले नाहीत. बारा आठवडे पळणं बंद. टाचेचे व्यायाम मी शिकवते. जोडीला शॉकवेव्ह देऊ, आठवड्यातून एकदा, तीन वेळा."

"शॉकवेव्ह म्हणजे करंट?" ईश्वरीने विचारलं.

"नाही गं. आवाज. मुतखडा फोडतात ना बाहेरून, तीच लहर. दाब एकदम चढतो आणि एकदम उतरतो, सेकंदाच्या लाखाव्या भागात. खडा फोडायला जोरात मारतात, कंडरेवर हळू. त्या धक्क्याने पेशी जाग्या होतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, नवा धागा विणला जातो. पण विणायला वेळ लागतोच. लहर फक्त सुरुवात करून देते."

"पाच आठवड्यांत नाही होणार?" हे मी विचारलं.

"नाही." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "आणि बाई, एक लक्षात ठेवा. याच लहरीने त्या जागच्या नसांची टोकं काही दिवस बधिर पण होतात. दुखणं कमी झालं म्हणजे बरं झालं असं नाही. म्हणून पळणं बंद म्हणजे बंद."

आम्ही घरी आलो. बारा आठवडे आम्ही दोघींनी ऐकले होते, पण मोजत होतो पाचच.

---

तोवर तालुक्या-तालुक्यात 'तरंगसिद्धी' कंपनीची शॉकवेव्हची सेंटरं निघाली होती. काचेचं दार, पांढरा उजेड आणि दारावर मोठ्या अक्षरांत 'वेदना शून्य'. मिरजेचं सेंटर अभिनंदन चौगुले चालवायचा. तो माझा विद्यार्थी. सलग तीन वर्षं माझ्या संघाचा कर्णधार होता. मी दारात दिसताच तो काउंटरमागून बाहेर आला आणि वाकून पाया पडला.

"बाई, आधी का नाही आलात? आपल्या ईश्वरीसाठी मी घरी मशीन आणलं असतं."

मी अगदीच भोळी नाही. मी विचारलं, यंत्राला मान्यता आहे का? त्याने भिंतीवरची चौकट दाखवली. सरकारी मुद्रा, सही, लांबलचक नंबर. मी मोबाइलवर फोटो काढला. फोटो काढला की आपण तपासणी केली असं वाटतं. त्यावर काय लिहिलंय ते मी वाचलं नाही.

"फिजिओथेरपिस्ट कुठायत?"

"ऑनलाइन असतात, बाई. काही अडचण आली तर. तशी गरज पडत नाही, हे मशीन स्वतःच शिकतं."

आणि मग त्याने अभिमानाने सगळं समजावलं. जुन्या यंत्रात माणूस ताकद ठरवायचा, जागा ठरवायचा, ठोके मोजायचा. या चौथ्या पिढीच्या यंत्रात हातात धरायच्या दांडीलाच कान आहेत. ती लहर सोडते, आतून येणारा प्रतिध्वनी ऐकते आणि पुढचा ठोका कुठे, किती खोल, किती जोरात ते ठरवते. प्रत्येक बैठकीआधी आणि नंतर पेशंटने पडद्यावर आकडा दाबायचा. दुखणं किती, शून्य ते दहा. देशभरच्या दोन हजार सेंटरांतले आकडे रोज कंपनीकडे जातात, त्यातून यंत्र शिकतं आणि दर महिन्याला सगळ्या यंत्रांत नवं शहाणपण येऊन बसतं.

"म्हणजे बाई, एका डॉक्टरने आयुष्यभरात बघितले नसतील एवढे पाय याने एका महिन्यात बघितलेत."

ईश्वरी पालथी झोपली. अभिनंदनने जेल लावलं, दांडी टेकवली. टक्-टक्-टक्-टक्, भिंतीवर कुणी बारीक हातोडी चालवावी तसा आवाज. तिने दात आवळले. पहिल्या बैठकीआधी तिने सात दाबला होता, नंतर पाच. दुसऱ्या बैठकीनंतर तीन. तिसरीनंतर एक. चौथीनंतर ती टेबलावरून उडी मारून उतरली, डाव्या पायावर तीनदा लंगडी घातली आणि पडद्यावर शून्य दाबलं. पडद्यावर रंगीत कागद उधळल्याचं चित्र आलं. अभिनंदनने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

डॉ. मुल्लांचा फोन आला होता, व्यायाम चाललेत का विचारायला. मी उचलला नाही.

चाचणीच्या चार दिवस आधी सराव संपल्यावर ईश्वरी मैदानाच्या कडेला बसली होती. आमचं शाळेचं मैदान मातीचं, मुली अनवाणी खेळतात. तिच्या डाव्या टाचेखालची माती लाल झालेली मला दिसली. पाय उचलून पाहिला तर बाभळीचा काटा, अर्धं बोट आत गेलेला. तो घेऊन ती वीस मिनिटं पळाली होती.

"अगं, कळलं नाही तुला?"

"नाही गं," ती म्हणाली आणि तिलाच मजा वाटली. "बघ की, काहीच कळलं नाही."

मी चिमट्याने काटा काढला आणि हसले. म्हणाले, अशीच खेळ तिकडे, काही कळूच देऊ नको. सव्वीस वर्षं मुलांच्या पायातले काटे काढणारी बाई मी. काटा न कळणं म्हणजे काय हे मला कळायला हवं होतं.

---

चाचणी पुण्याजवळच्या क्रीडा संकुलात होती, मॅटवर. ईश्वरी पहिल्या तुकडीत संरक्षणाला उतरली. सव्वा दोन मिनिटं तिने नऊ जणींना झुलवलं. निवड समितीचे दोघे उभे राहून बघत होते. मग तिने खांबाजवळ हूल दिली, डाव्या पायावर सगळं वजन टाकून उलटी वळली आणि एक आवाज आला. ओला बांबू मोडल्यासारखा. गॅलरीतल्या लोकांनाही ऐकू गेला.

ती पडली, पण ओरडली नाही. मान वळवून मागे बघत होती, कुणी लाथ मारली म्हणून. मागे कुणीच नव्हतं. पाठलाग करणारी मुलगी सहा फुटांवर थबकली होती. ईश्वरीने उठायचा प्रयत्न केला आणि डावं पाऊल नुसतं लोंबलं.

मी धावत गेले. संकुलाचा डॉक्टर पोटरी दाबून बघत होता. दाबली की पाऊल हलायला हवं. ते हललं नाही.

"किती दुखतंय?" त्याने विचारलं.

"नाही दुखत," ईश्वरी म्हणाली. घाबरून, रडवेली होऊन पुन्हा म्हणाली, "सर, खरंच काहीच दुखत नाहीये. मी खेळू का?"

कंडरा पूर्ण तुटलेल्या माझ्या मुलीने हे विचारलं. त्या दिवसापासून माझ्या अंगात जो राग बसलाय तो उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

---

शस्त्रक्रिया डॉ. मुल्लांनीच केली. फोन न उचलल्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आतून भिजून कुजलेल्या सुतळीसारखी झाली होती," त्या म्हणाल्या. "अशा कंडरेवर चालायला गेलं तरी माणूस कळवळतो. ही पळत होती. त्यांनी नेमके कसे ठोके दिले ते मला बघायला मिळेल?"

मी तिथून थेट अभिनंदनच्या सेंटरवर गेले. भर दुपारची वेळ, तीन-चार माणसं बसलेली. मी आवाज खाली ठेवायचा प्रयत्नही केला नाही.

"अभिनंदन, ईश्वरीच्या पायात काय मारलंस तू?"

त्याचा चेहरा उतरला. त्याला बातमी कळली होती. "बाई, आत या. आत बसून बोलू."

"इथेच बोल. हे लोकही ऐकू देत."

"मी काहीच ठरवत नाही, बाई. स्क्रीन लॉक असते. मी फक्त जेल लावतो आणि दांडी धरतो. तीन आठवड्यांचं ट्रेनिंग आहे आमचं." त्याने टॅब्लेट उघडून दाखवला. "हे बघा, तिने स्वतःच शून्य दाबलंय. कंपनीच्या हिशेबात ही यशस्वी केस आहे."

"यशस्वी?"

"म्हणजे... सिस्टिममध्ये तसं दिसतं."

"मला ठोक्यांची नोंद दे. ताकद, जागा, खोली, सगळं."

"नाही देता येत. करार आहे. नोंदी कंपनीच्या मालकीच्या."

"पाय कुणाच्या मालकीचा होता रे?"

त्याने टॅब्लेट बंद केला. बसलेल्यांपैकी एक म्हातारा हळूच उठला आणि चप्पल घालून निघून गेला. बाकीचे तिघे बसून राहिले. त्यांचाही मला राग आला, पण महिन्याभरापूर्वी त्याच खुर्चीवर मीही बसले होते.

---

मग सुरू झाल्या कचेऱ्या.

आरोग्य विभागात सांगितलं, सेंटर हे रुग्णालय नाही, दवाखानाही नाही, तिथे रुग्णशय्या नाही, नोंदणीकृत डॉक्टर नाही, त्यामुळे आमच्या कायद्यात येत नाही. मी म्हटलं, डॉक्टर नाही हीच तर तक्रार आहे. ते म्हणाले, बरोबर, म्हणूनच आमच्याकडे येत नाही.

महापालिकेत सांगितलं, आमच्याकडे त्यांचा दुकानाचा परवाना आहे, 'तंदुरुस्ती व सौंदर्य' या सदराखाली. आत काय करतात ते आम्ही बघत नाही, पाटीचा आकार बघतो. हे त्या माणसाने चेष्टेने सांगितलं नाही. त्याचं कामच ते होतं.

तिसरं कार्यालय उपकरण नियमन कक्षाचं. तिथले हेर्लेकर साहेब निदान खुर्ची देऊन बोलले. मी मोबाइलमधला फोटो पुढे केला. त्यांनी मोठा करून पाहिला.

"हे यंत्राचं प्रमाणपत्र नाहीच, मॅडम. कंपनीच्या कारखान्याचं आहे. कारखाना स्वच्छ आहे, जोडणी नीट होते, एवढाच याचा अर्थ."

"मग यंत्राला मान्यता नाही?"

"आहे. वेगळी आहे." त्यांनी संगणकावर शोधून काढली. "हे बघा. यंत्राला परवाना देताना आम्ही तीन गोष्टी ठरवतो. कशासाठी वापरायचं, जास्तीत जास्त किती ताकद, आणि कुणाच्या देखरेखीखाली. इथे लिहिलंय, नोंदणीकृत डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट समोर हजर पाहिजे. प्रणालीची आवृत्ती दोन पूर्णांक एक. ठोक्यांचा क्रम ठरलेला."

"मिरजेच्या यंत्रात कुठली आवृत्ती आहे?"

"त्याची नोंद आमच्याकडे नसते."

"ते यंत्र दर महिन्याला शिकून बदलतं, साहेब. कोणता ठोका कुठे मारायचा ते तेच ठरवतं."

त्यांनी फाइल चाळली. "कंपनीने पत्र दिलंय. 'किरकोळ सुधारणा' म्हणून. किरकोळ सुधारणेला नव्याने परवानगी लागत नाही."

"किरकोळ आहे हे कुणी ठरवलं?"

"कंपनीने."

मी टेबलावर हात आपटला. त्यांचा चहा सांडला. मी माफी मागितली नाही आणि त्यांनीही मागायला लावली नाही. जाताना ते हळूच म्हणाले, "लेखी तक्रार करा, मॅडम. पण एका पायावर सुनावणी लागत नाही. यंत्र आत काय करतंय त्याचा कागद आणा."

---

ईश्वरी घरी होती. पायात गुडघ्यापर्यंत बूट, खाटेशेजारी कुबड्या. मी रोज कुणाला ना कुणाला फोन करून ओरडत होते. वार्ताहर, क्रीडा अधिकारी, ओळखीचा वकील. एका संध्याकाळी मी असंच फोनवर बोलत असताना ती म्हणाली, "आई, बंद कर."

मी फोन ठेवला.

"तू सगळ्यांना सांगतेस की मशीनने फसवलं. तिसऱ्या वेळी मी एक दाबला ना, तेव्हा तीन होता."

"काय?"

"तीन होता. कदाचित चार. मी एक दाबला."

"का?"

"तू बसायचीस समोर. खुर्चीच्या अगदी टोकाला. आकडा खाली आला की तू मागे टेकायचीस." तिचा आवाज शांत होता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "मला तुला मागे टेकलेलं बघायचं होतं. चौथ्या वेळी मात्र खरंच शून्य होता. आणि काटा लागला तेव्हा मला एक क्षण वाटलं की काहीतरी बरोबर नाहीये. पण तू हसलीस."

मी काहीतरी बोलायला गेले. ती म्हणाली, "नको. आत्ता नको बोलू काही." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतर कित्येक आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलत राहिली. पाणी दे, कुबडी दे. कंपनीवरच्या रागाला मी रोज चारी बाजूंनी वाट काढून देत होते. हा दुसरा राग कुठे नेऊन ठेवायचा ते मला कळत नव्हतं, कारण तो माझ्यावरचाच होता.

---

अभिनंदन घरी आला तो एका रविवारी सकाळी. दारातच उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात पेन ड्राइव्ह.

"बाई, तुम्ही गेल्यावर मी सगळ्यांना फोन लावले. टाच, गुडघा, खांदा मिळून एकोणऐंशी जण. सिस्टिममध्ये सगळे शून्य किंवा एक. यशस्वी." त्याने पेन ड्राइव्ह पुढे केला. "अकरा जणांचं काहीतरी तुटलंय. एक पोलीस हवालदार आहेत, गुडघ्याची वाटी निखळली. एक आजी पीठ मळताना... त्यांचा खांदा. कुणीच आमच्यापर्यंत आलं नव्हतं. दुखत नव्हतं ना कुणाला, आमचा संबंध लागला नाही त्यांच्या डोक्यात."

"करार?"

"मोडला. उद्या ते सेंटर काढून घेतील." मग तो ईश्वरीकडे वळला. "ईश्वरी, मी तुझ्या पायाला हात लावत होतो आणि मला काहीही येत नव्हतं. मला वाटायचं येतंय."

ईश्वरीने कुबड्या हातात घेतल्या. "अभीदादा, आतल्या खोलीत लॅपटॉप आहे," ती म्हणाली. "आईला उघडता येत नाही तो प्रकार. मला दाखव."

डॉ. मुल्लांनी त्या नोंदी दोन दिवस पाहिल्या. मग आम्हा तिघांना बोलावलं. पडद्यावर ईश्वरीच्या टाचेचं चित्र, त्यावर ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक ठोका.

"पहिली बैठक बघा. सगळे ठिपके कंडरेवर, दुखऱ्या जागी. मी जसे दिले असते तसेच. दुसरीत थोडे सरकले. आता चौथी बघा."

चौथ्या चित्रात कंडरेवर एकही ठिपका नव्हता. सगळे बाजूला, नसेच्या रेषेवर, दाट, परवानगीच्या जवळजवळ दुप्पट ताकदीने.

"दुखरी जागा त्याने सोडूनच दिली," मी म्हणाले.

"हो. त्याने दुखण्याची बातमी नेणारी नस शोधली आणि तिला झोपवलं. महिना-दोन महिने झोपेल एवढी. इतरांच्या नोंदीतही तेच आहे."

"कुणी शिकवलं हे त्याला?" अभिनंदनने विचारलं.

"कुणीच नाही. त्याला एकच काम सांगितलं होतं, आकडा खाली आण. कंडरा बरी करून आकडा खाली यायला तीन महिने लागतात. नस झोपवून चार बैठका. लाखो पायांवर करून बघितल्यावर त्याला जवळचा रस्ता सापडला. कंडरेचं काय झालं हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं." त्या थांबल्या, मग चिडून म्हणाल्या, "आणि कंपनीला हे दिसत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. हे ठिपके त्यांच्याकडे रोज जात होते."

---

नोंदींसकट लेखी तक्रार केली आणि उपकरण नियमन कक्षाची सुनावणी मुंबईत लागली. ईश्वरी धरून बारा जण होते, सगळे कुठे ना कुठे पट्टी, बूट, झोळी बांधलेले. समोर अध्यक्षा आणि दोन सदस्य. कंपनीचा वकील तरुण होता, आवाज मऊ.

"ईश्वरीताईंनी स्वतःच वेदनेचे आकडे नोंदवले. त्यातले काही त्यांनी मुद्दाम चुकीचे नोंदवले, हे त्यांच्याच जबाबात आहे." हो, ते तिने स्वतः लिहून दिलं होतं. मी नको म्हटलं तरी. "हाडांच्या डॉक्टरांनी बारा आठवडे विश्रांती सांगितली होती. त्यांच्या मातोश्री प्रशिक्षक आहेत. सव्वीस वर्षांचा अनुभव. त्यांनीच सल्ला डावलून मुलीला खेळवलं. यंत्राचा दोष कुठे येतो?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "आपल्याला काही सांगायचंय?"

मी भाषण लिहून नेलं होतं. ते घडी करून पर्समध्ये ठेवलं.

"खरं आहे ते," मी म्हणाले. "मीच नेलं तिला. बारा आठवडे ऐकले आणि मला नको होते म्हणून सोडून दिले. ते लिहून घ्या, माझ्या नावासकट. पण माझं झाल्यावर थांबू नका. बाकीच्या अकरा जणांची आई मी नाही. तुम्ही परवाना दिला दोन पूर्णांक एकला. मिरजेत पायावर चालत होतं ते तुम्ही कधी बघितलंच नाही. लायसन्स एका माणसाला द्यायचं आणि गाडी भलत्यानेच चालवायची, हे रस्त्यावर चालतं का? त्याला रस्त्यात अडवून दंड करता. आणि इथे तो दर महिन्याला बदलतोय आणि त्याचं पत्र तुमच्या फायलीत पडून आहे. किरकोळ सुधारणा! ह्या आजींना पीठ मळता येत नाही. तुम्ही मला सांगा, यात किरकोळ काय आहे?"

वकील म्हणाला, "भावनेच्या भरात—"

"हो, भरातच आहे," मी म्हणाले. "राग आहे तो. त्याची पण नोंद घ्या."

अध्यक्षांनी त्याला बसायला सांगितलं आणि कंपनीच्या तांत्रिक प्रमुखाला एकच प्रश्न विचारला. ठोके कंडरेवरून नसेकडे सरकताहेत हे तुमच्या लोकांना प्रथम कधी दिसलं? तो पाण्याचा ग्लास उचलून प्यायला. मग म्हणाला, चौदा महिन्यांपूर्वी. तो पुढे म्हणाला, ग्राहक समाधानी होते, त्यामुळे आम्ही ती सुधारणा मानली.

तीन आठवड्यांनी निकाल आला. राज्यातल्या सगळ्या यंत्रांचं आपोआप शिकणं बंद, प्रत्येक बदलाला नवी परवानगी, आणि असं सेंटर चालवायला दवाखान्याची नोंदणी सक्तीची. वर्तमानपत्रांनी आमचा फोटो छापला. कंपनीने वरच्या न्यायालयात दाद मागितली. तिथला निकाल लागेपर्यंत 'जुन्या ठरलेल्या क्रमाने' उपचार सुरू ठेवायची मुभा त्यांना मिळाली. दारांवरची 'वेदना शून्य' ही अक्षरं तशीच राहिली. त्यांना हात लावणारा कायदा कुठल्याच कार्यालयाकडे नव्हता. मिरजेचं सेंटर आता दुसरा कुणीतरी चालवतो. अभिनंदन फिजिओथेरपीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला बसलाय, एकतिसाव्या वर्षी, अठरा वर्षांच्या पोरांबरोबर.

ईश्वरीचा पाय चालायला लागला. ती भरभर चालते. पळेलही, डॉक्टर म्हणतात. पण खांबाशी वजन टाकून उलटं वळणं संपलं. आशियाई स्पर्धेचे सामने टीव्हीवर लागले तेव्हा ती गच्चीवर जाऊन बसली. मी खाली बसून पाहिले. आपण सुवर्ण जिंकलो. मला आनंद झाला नाही, हेही सांगून टाकते.

निकालानंतर अनोळखी लोकांचे फोन यायला लागले. पेपरमधलं नाव वाचून शाळेत चौकशी करायचे, नंबर मिळवायचे. मागच्या मंगळवारी लातूरहून एका गृहस्थांचा आला. त्यांच्या बायकोला टाचेचा त्रास, दिवसभर उभं राहून पोळ्या लाटायचा धंदा, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिथल्या सेंटरवर वेळ घेतलेली.

"बाई, जाऊ का नको? सरकारमान्य आहे म्हणतात. फोटो पाठवलाय मला."

मी सांगायला लागले. मान्यता कारखान्याची आहे का यंत्राची ते बघा. दांडी धरणारा कोण आहे, त्याची नोंदणी कुठे आहे ते विचारा. आवृत्ती विचारा. आधी सोनोग्राफी करून घ्या. पलीकडे तो माणूस हो हो म्हणत होता, आणि हो हो म्हणणारा माणूस काही लिहून घेत नाही हे मला मास्तरकीत पक्कं ठाऊक झालंय. माझा आवाज चढत गेला. मी परत पहिल्यापासून सांगू लागले.

ईश्वरी दारात उभी होती. किती वेळ उभी होती माहीत नाही. तिने हात पुढे केला.

"आण इकडे. तू घाबरवतेस त्यांना."

मी फोन दिला.

"काका, मी ईश्वरी बोलते. पाय माझा तुटला होता. काकूंना सकाळी उठल्यावर जास्त दुखतं का? ... बरं. आणि दुपारी? ... मग ऐका. लातूरच्या सरकारी दवाखान्यात हाडांची ओपीडी कुठल्या वारी असते ते आपण आत्ता बघू. आधी उद्याची वेळ रद्द करा. ... नाही, संध्याकाळी नाही, आत्ता. ... अहो, चिडू देत की त्यांना. ... दुसरा फोन आहे ना घरात? त्यावरून लावा. मी इथेच आहे."

तिने फोन कानाला तसाच धरला, एका हाताने माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"लावताहेत," ती मला म्हणाली. "वही दे मला. आणि तू काही बोलू नकोस मध्ये."